'ढ' म्हणण्याची हौस

२०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीर येथे ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलन म्हटले की वाचनसंस्कृतीचा गजर आलाच. पण त्याच उदगिरात पाठ्यपुस्तकातील एक ओळ वाचताना ज्यास घाम फुटतो, अशा मुलाविषयी आम्हां सुशिक्षितांपाशी अजून एकच अक्षर आहे: 'ढ'!

हिशेबात चलाख, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगणारा मुलगा छापील पानापुढे अडखळला की गुरुजी म्हणतात, 'लक्ष नाही'. वडील म्हणतात, 'माजलाय'. आणि उपाय दोघांचा एकच, तोच धडा दहा वेळा उतरवून काढणे. लचकलेल्या पायाने दहा फेऱ्या मारावयास लावणारा वैद्य आमच्या तरी पाहण्यात नाही.

या व्यथेची नोंद जुनी आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टराने १४ वर्षांच्या अशाच मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असा खुद्द त्याच्या मास्तरांचा अभिप्राय होता.

कोणी म्हणतील, आमची देवनागरी उच्चाराबरहुकूम चालते. तिच्यात असला घोटाळा कुठला? त्यांनी 'किल्ला' हा शब्द नवशिक्याच्या डोळ्यांनी पाहावा. इकार ऐकू येतो 'क'नंतर, वेलांटी मात्र त्याच्या आधी! 'सूर्य'मधला 'र' कानास 'य'च्या आधी, डोळ्यांस 'य'च्या डोक्यावर. ध्वनी व चिन्ह यांची सांगड ज्यास सहज बसत नाही, त्यास हे कोडे एकेक ध्वनी सुटा करून, अक्षर बोटाने गिरवून घेत, सावकाश उकलून द्यावे लागते.

मागे पडणारे प्रत्येक मूल या वर्गातले नव्हे, हे खरे. घरी कन्नड किंवा तांड्यावर गोरमाटी बोलणारे मूल अडते ते अनोळखी भाषेमुळे. त्याचा उपाय निराळा. पण हा भेद करावयास मुलाजवळ बसावे लागते, आणि गुणवंतांच्या छायाचित्रफलकांत रमलेल्या आमच्या 'लातूर पॅटर्न'च्या मुलखात तेवढी सवड कोणास आहे?

अशी अध्ययन-अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन करावे, अशी तरतूद २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. धडा वाचून दाखवावा, उत्तर तोंडी घ्यावे, भर वर्गात उभे करून वाचावयास लावू नये, एवढ्यास तर कायद्याचीही गरज नाही. आणि परीक्षेत जादा वेळ वा लेखनिक मागणाऱ्या पालकास 'सवलती लाटता काय?' असे विचारणाऱ्या मुख्याध्यापकांनी तो कायदा आधी, सावकाश का होईना, स्वतः वाचावा.