तगराचे कापड आणि तांबड्या समुद्रावरचा वारा

इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी, हुरघाडाच्या उत्तरेस, एल गूना नावाचे नगर आहे. १९९० च्या सुमारास ते वाळवंटात नव्याने वसवण्यात आले. उथळ, निळसर पाण्याच्या कडेने आलिशान रिसॉर्टे उभी राहिली आणि जगभरचे काइटसर्फर तेथे येऊ लागले. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, डोक्यावर हवा भरलेला अजस्र पतंग: हा खेळ तसा अलीकडचा. फुगवता येणाऱ्या पतंगाचे पेटंट दोघा फ्रेंच भावांनी १९८४ मध्ये घेतले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो पदकाचा खेळ झाला. या खेळाला एकच गोष्ट अपरिहार्य असते, भरवशाचा वारा. एल गूनाला तो उत्तरेकडून येतो आणि वर्षातले बहुतेक दिवस येतो.

अशा किनाऱ्यांविषयी एक समज हौसेने पसरवला जातो: येथे पूर्वी काहीच नव्हते, वाळू होती, वारा होता, आणि मग हॉटेले आली. हा समज चुकीचा आहे. त्यावर हरकत घेण्याचा पहिला हक्क समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या मराठवाड्याचा आहे, हे ऐकून काहींना हसू येईल. नांदेड-लातूरच्या माणसाचा समुद्राशी संबंध काय, तर चार दिवस सुट्टी काढून गोव्याला जाण्यापुरता! पण हा संबंध दोन हजार वर्षांचा आहे आणि तो याच वाऱ्यावर उभा होता.

प्रथम वारा समजून घ्यावा. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वारा जवळजवळ बारमाही उत्तरेचा असतो. भारताकडे निघालेल्या जहाजाला तो पाठीवर मिळतो. जुलैच्या सुमारास इजिप्तमधून निघालेली जहाजे या वाऱ्याने दक्षिणेस उतरत, अरबी समुद्रात नैर्ऋत्य मोसमी वारा पकडत आणि पावसाळा ओसरताना आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचत. परतीसाठी ईशान्येचा वारा हवा. तो हिवाळ्यात वाहतो. म्हणजे मधले दोन-तीन महिने येथेच थांबणे भाग. परत जाताना शेवटच्या टप्प्यात तोच उत्तरेचा वारा समोरून छातीवर येई. म्हणूनच टॉलेमी राजांनी इ.स.पू. तिसऱ्या शतकात बेरेनिके हे बंदर मुद्दाम खूप दक्षिणेला वसवले. समोरच्या वाऱ्याशी झुंजत उत्तरेस जाण्यापेक्षा माल तेथेच उतरवून उंटांवरून वाळवंट पार करणे परवडे. प्लिनी सांगतो की बेरेनिके ते नाईलकाठचे कॉप्टोस ही वाट बारा दिवसांची होती आणि उन्हामुळे प्रवास बराचसा रात्री चाले. आज ज्या वाऱ्यासाठी लोक मोठ्या रकमा मोजतात, तो चुकवण्यासाठी एका राजवटीने बंदर आणि रस्ता बांधला होता.

बेरेनिकेचे मुक्काम आलिशान नव्हते. तेथे पिण्याचे पाणीसुद्धा आतल्या भागातून आणावे लागे. पाणी पोहोचवल्याच्या नोंदी खापरांच्या तुकड्यांवर लिहिलेल्या सापडल्या आहेत. १९९४ पासून चाललेल्या उत्खननात भारतीय सागवानाचे लाकूड, भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी, संगमरवरी बुद्धमूर्ती आणि भारतीय सुती कापडाचे तुकडे मिळाले. मिरी मलबारची, हे चटकन सांगता येते. कापडावर मात्र गावाचे नाव नसते.

गावाचे नाव दुसरीकडे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास कोणा अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची सागरी मार्गदर्शिका लिहिली. तो म्हणतो, की भरुकच्छापासून, म्हणजे भडोचपासून, दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर आहे. पैठणहून मौल्यवान दगड येतो. तगराहून साधे सुती कापड, तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रे आणि एक विशिष्ट रंगाचे कापड येते. हा सारा माल बैलगाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या प्रदेशातून भडोचला जातो.

हे तगर कोणते, यावर विद्वानांत बराच काळ वाद झाला. देवगिरी, जुन्नर, धारूर अशी नावे पुढे आली. अखेर १९०१ मध्ये फ्लीट यांनी तेर हे उत्तर मांडले आणि ते टिकले. लातूरच्या पश्चिमेस, धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी असलेले हे तेर. महाराष्ट्र त्याला संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून ओळखतो. १९५८ मध्ये तेथे शास्त्रीय उत्खनन झाले. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांतून निघालेल्या हजारो वस्तू जमवल्या. आजचे तेथील संग्रहालय त्यांच्याच नावाने आहे. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहताना इटलीतील पॉम्पेईच्या राखेखाली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीची आठवण अभ्यासकांना होत आली आहे.

आणखी एक गंमत. पुढे कोकणात राज्य करणारे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. समुद्राचे धनी असलेले राजे प्रतिष्ठेसाठी बालाघाटच्या पलीकडचे कोरडे गाव सांगत होते! आज मराठवाड्याचा माणूस ‘आमच्याकडे समुद्र नाही’ असे खंतावून म्हणतो, तेव्हा ही बिरुदावली त्याला कोणीतरी वाचून दाखवावी.

आता मुक्कामाचा प्रश्न. वाऱ्यासाठी खोळंबलेली, वाटेवर थकलेली माणसे राहत कोठे? नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आपले सोपारा, या ठिकाणी त्याने चौसोपी निवारे आणि धर्मशाळा दिल्याचे त्यात नोंदले आहे. पारदा, दमणा, तापी, दाहानुका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. काठांवर बसण्या-उतरण्याच्या जागा आणि पाणपोया केल्या. या चारांपैकी दोन, भडोच आणि सोपारा, ही बंदरे आहेत. भाड्याचा उल्लेख नाही. पाहुण्याची जात, देश, ऐपत यांचाही नाही.

येथे भाबडेपणा नको. उषवदात हा विजेत्या सत्तेचा मनुष्य होता. त्याच सत्तेच्या काळात कल्याणला चुकून गेलेली ग्रीक जहाजे पहारा बसवून भडोचला नेली जात, असे पेरिप्लस सांगतो. म्हणजे सातवाहनांचे बंदर आवळायचे आणि आपल्या बंदरात धर्मशाळा बांधायच्या, असा तो दुहेरी व्यवहार होता. दानाबरोबर जकात वाढते, हे त्या जावयाला नक्कीच कळत होते. तरीही फरक उरतोच. वाऱ्यासाठी अडकलेल्या परक्याला निवारा देणे ही राज्याने करावयाची आणि दगडावर मिरवावयाची गोष्ट होती. आजच्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर निवाऱ्याचा दर हंगामानुसार ठरतो आणि तेथे मिरवतो तो पाहुणा.

या दोन्ही काळांत एक माणूस मात्र सारखाच अदृश्य राहिला. भडोचची खाडी परक्या तांडेलांना धोक्याची. तेव्हा राजाच्या चाकरीतले कोळी होड्या घेऊन समुद्रात सामोरे जात आणि जहाजे ओढून आत आणत, असे पेरिप्लसमध्ये आहे. त्यांच्यापैकी एकाचेही नाव उरले नाही. तगरात सूत कातणाऱ्या बायकांची, गाड्या हाकणाऱ्यांची तीच गत. पैठणमार्गे धरल्यास तेर ते भडोच महिनाभराची वाट. त्या गाडीवानाने समुद्र पाहिला, तो भडोचच्या खाडीचा गढूळ समुद्र. त्याच्या गाडीतले कापड पुढे कोणत्या निळ्या पाण्यावरून गेले, हे त्याला कळण्याचे कारण नव्हते.

ज्या कापसाचे ते सूत, तो जुना देशी कापूस. नांदेडचा नावाजलेला गावरानी कापूस त्याच देशी कुळातला. संकरित वाण आले, तसा तो शेतांतून मागे सरकला. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानेच काढलेला ‘एनएचएच ४४’ हा संकरित वाण एके काळी दूरदूर पेरला गेला. नांदेडच्या उस्मानशाही मिलचा भोंगा ऐकलेले लोक अजून आहेत. म्हणजे हा धागा तगराबरोबर तुटला नव्हता. तो आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत आला होता. शालेय पुस्तकांत मात्र सागरी व्यापार म्हटला की सोपारा, कल्याण, चौल. आणि मराठवाडा म्हटला की लेणी, निजाम आणि दुष्काळ. ही विभागणी इतिहासाला धरून नाही. बंदर म्हणजे केवळ धक्का नव्हे. त्यामागची महिनाभराची गाडीवाट हाही बंदराचाच भाग असतो.

काइटसर्फिंग करणाऱ्यांशी कोणाचे वैर असण्याचे कारण नाही. वारा ओळखून त्यावर स्वार होणे ही जुनीच विद्या आहे आणि उद्या लातूरचा एखादा मुलगा त्या पाण्यावर पतंग उडवताना दिसला, तर आनंदच होईल. त्याने तेथून आणखी दक्षिणेला, बेरेनिकेच्या अवशेषांपर्यंतही जाऊन यावे. आणि त्याआधी, एखाद्या रविवारी, तेरच्या संग्रहालयात जावे. लातूरहून सकाळी निघाले तर संध्याकाळच्या आत घरी परतता येते.