चिनी मातीची गाळणी

परवा पुतण्या आला होता. अंबरनाथच्या एका औषध कारखान्यात आहे. म्हणाला, "काका, सॉल्व्हंट उकळण्याऐवजी सिरॅमिक मेम्ब्रेनमधून गाळून बघायचं चाललंय आमचं." मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस! म्हटले, बाबा रे, मला कळेल असे सांग.

औषधे बनवताना टोल्युइन, मिथेनॉल, असिटोन असले द्रावक लागतात. काम झाले की ते उकळून, वाफ थंड करून परत मिळवतात. टोल्युइन ११० अंशांना उकळते. म्हणजे इंधन जाळा, आणि तेही पेट घेणाऱ्या द्रवाखाली! गाळले तर हा खटाटोप वाचतो. नळीतून दाबाने द्रव सोडायचा. द्रावकाचे लहान रेणू भिंतीतून पाझरतात, औषधाचे मोठे रेणू आत राहतात. छिद्रे साधारण एक नॅनोमीटरची. आपला केस त्याच्या पन्नास हजार ते लाखभर पट जाड!

मग प्लॅस्टिकची गाळणी का नको? थर्माकोलवर पेट्रोल ओतून पाहिले आहे का कधी? तसेच. बरीचशी प्लॅस्टिके द्रावकात फुगतात, विरघळतात. काही खास प्लॅस्टिके टिकतात म्हणा; टेक्सासमधल्या बोमाँटच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात १९९८ साली तशीच बसवली होती. पण अॅल्युमिना, टिटानियाची नळी आपल्या लोणच्याच्या बरणीच्या जातीची. तेल, आंबट, खारट, कशाची पर्वा नाही.

अडचणीही आहेत. नळ्या महाग. त्यांच्या पृष्ठभागाला पाण्याची ओढ, त्यामुळे टोल्युइनसारख्यासाठी वर वेगळा लेप द्यावा लागतो. आणि दोन द्रावक एकमेकांत मिसळले असतील तर बहुधा उकळण्यावाचून सुटका नाही.

तरी माझे मत पुतण्याच्या बाजूने आहे. खडवलीला आमच्या दारावरून भातसा जाते. हिचे पाणी मुंबई पिते, म्हणून हिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो. पुढे ती काळूला मिळते, काळू उल्हासला. त्याच उल्हासला अंबरनाथकडून वालधुनी येऊन मिळते. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत कुणी टँकरमधले रसायन ओतले आणि उल्हासनगरच्या शेकडो लोकांना दवाखाना गाठावा लागला. तिचा वाली कोण?

नाल्यात एकदा सगळे एकत्र झाले की कुठलीच गाळणी पुरी पडत नाही. द्रावक कारखान्यातच, वेगवेगळे असतानाच अडवायला हवेत. मालक म्हणतात परवडत नाही. लहान कारखान्याला एकट्याने नसेलही परवडत, पण वसाहतीत चौघांनी मिळून एक यंत्र का बसवू नये? सांडपाण्याचे सामाईक केंद्र चालवतातच ना? नळीची किंमत मांडताना वालधुनीकाठच्या लोकांच्या औषधपाण्याचा खर्च कोणत्या वहीत धरला, हे मात्र मला कुणी सांगत नाही.

असो. पुढच्या महिन्यात त्यांची चाचणी आहे. पुतण्या तुटलेल्या नळीचा तुकडा आणून दाखवतो म्हणालाय. आला की लिहीन.