गोठवलेला वाटाणा आणि डब्यातला राजमा

बारामती तालुक्यातील सांगवीसारख्या गावी आठवडाअखेर पुण्याहून मुले येतात, तेव्हा आईवडिलांसाठी गोठवलेल्या वाटाण्याची पिशवी आणि शिजवलेल्या राजम्याचा डबा आणतात. सोलण्या-निवडण्याचे कष्ट वाचावेत, हा हेतू चांगलाच. मग घरात प्रश्न निघतो : यांत अधिक पौष्टिक काय? आणि मुळात हे शिळेच नव्हे का?

वाटाण्यापुरते तरी ‘शिळे’ म्हणणे अन्यायाचे आहे. शेंग तोडल्यापासूनच दाण्यातील क जीवनसत्त्व घटू लागते. पुरंदरचा ताजा वाटाणा बाजारातून आपल्या कढईत येईतो दोन-चार दिवस सहज जातात. कारखान्यात तो लवकर गरम पाण्यातून काढून गोठवतात. त्या पाण्यात क आणि ब गटातील जीवनसत्त्वांचा काही अंश जातो. पुढे मात्र उणे १८ अंशांच्या थंडीत घट फार सावकाश होते. प्रथिने आणि तंतू जवळजवळ तसेच राहतात. अट इतकीच की ती थंडी अखंड हवी, आणि जिथे वीज तासन्‌तास जाते तिथे हीच अट अवघड. पिशवी हलवल्यावर दाणे सुटे खुळखुळले तर ठीक. सगळ्याचा एकच गोळा झाला असेल तर माल वितळून पुन्हा गोठला असण्याची शक्यता मोठी. ती पिशवी दुकानातच ठेवावी.

राजम्याची गोष्ट वेगळी. तो भाजी नव्हे, कडधान्य. शिजलेल्या शंभर ग्रॅम राजम्यात सुमारे ८ ग्रॅम प्रथिने असतात, हिरव्या वाटाण्यात सुमारे ५. तंतू दोहोंत भरपूर. क जीवनसत्त्व मात्र राजम्यात नगण्य. तेव्हा एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी, असे नाही.

ज्येष्ठांनी पाहायचे ते मीठ. डब्यातील राजम्यात बहुधा शंभर ग्रॅममागे २०० ते ३०० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ. वाटीभर राजम्यातच त्याचा मोठा वाटा संपतो, आणि आपल्याकडे पानात लोणचे, पापड, ठेचा असतोच. रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांसाठी डब्यातले पाणी ओतून दाणे वाहत्या पाण्याखाली चांगले धुवावेत. एक तृतीयांशाहून अधिक सोडियम निघून जाते. टोमॅटोच्या गोड रसातले दाणे मात्र असे धुतले तरी सगळी साखर निघत नाही. त्यातली काही साखर दाण्यांत मुरलेली असते. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर वाटाणा वा राजमा किती खावा हे डॉक्टरांनाच विचारावे.

खरे तर आपल्या भागात डब्याची गरजच कमी आहे. नीरेपलीकडे, सातारा जिल्ह्यातील कोरेगावचा वाघ्या घेवडा भौगोलिक मानांकन मिळालेला. तोही राजम्याच्याच जातकुळीचा. रात्री भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि कुकरमध्ये बोटाने सहज चिरडेल इतका मऊ शिजवावा. अर्धकच्चा राहिला तर उलट्या-जुलाब होतात. शिवाय कवळीलाही तो मऊच हवा. मुलगा किंवा सून रविवारी असताना हे शिजवून छोट्या डब्यांत भरून ठेवता येते. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस चालते, आणि मीठ किती घालायचे ते आपल्या हाती राहते.

विकतचा डबा घरात असलाच, तर फुगलेला वा गळका डबा उघडून वास घेऊन पाहू नये. तसाच टाकून द्यावा.