भाडेकरार मुदतीपूर्वी मोडताना : आर्थिक अडचण कायद्याला मान्य आहे का?

नोकरी गेल्यामुळे किंवा वेतनात कपात झाल्यामुळे भाड्याचे घर मुदतीपूर्वी सोडण्याची वेळ शहरांतील अनेक कुटुंबांवर येते. अशा वेळी घर सोडण्याइतकीच मोठी चिंता असते ती घरमालकाकडे असलेल्या अनामत रकमेची. उत्पन्न थांबले, हे कारण करारातून मुक्त होण्यास पुरेसे आहे का?

कायद्याचे उत्तर नकारार्थी आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 108 नुसार आग, वादळ, पूर किंवा तत्सम संकटामुळे जागा कायमची निरुपयोगी झाल्यास भाडेकरूला करार रद्द ठरविता येतो. जागा शाबूत असून केवळ भाडेकरूची ऐपत संपली असेल, तर ही तरतूद उपयोगी पडत नाही. करार पार पाडणे अशक्य झाल्यास तो रद्द ठरविणारे भारतीय करार कायद्याचे कलम 56 भाडेपट्ट्याला लागू होत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये स्पष्ट केले आहे.

कोरोना काळात या भूमिकेची कसोटी लागली. दिल्लीच्या खान मार्केटमधील एका दुकानाच्या भाडेकरूने टाळेबंदीमुळे भाडे स्थगित करण्याची मागणी केली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने मे 2020 मध्ये ती फेटाळली. मात्र भाडे भरण्याच्या वेळापत्रकात काही सवलत दिली. भाडे उशिरा देता येईल, पण ते माफ होणार नाही, असा या निकालाचा अर्थ होता.

तथापि, करार मोडल्याबद्दल घरमालक मागेल ती रक्कम द्यावीच लागते, असेही नाही, आणि ही बाजू भाडेकरूंना फारशी ठाऊक नसते. अनेक करारांत ‘लॉक-इन’ कालावधी असतो. या शब्दाला मराठी प्रतिशब्द रुळलेला नाही. अडकून पडण्याचा काळ, असा त्याचा सरळ अर्थ. या काळात घर सोडल्यास उर्वरित महिन्यांचे पूर्ण भाडे द्यावे, अशी अट त्यात घातलेली असते. करार कायद्याच्या कलम 74 नुसार मात्र करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात मिळते ती त्या मर्यादेतील वाजवी भरपाई. मुळात नुकसान झाले असेल तरच भरपाईचा प्रश्न उद्भवतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स प्रकरणात म्हटले आहे. शिवाय, नुकसान टाळण्याचे कोणते उपाय उपलब्ध होते, हेही विचारात घ्यावे लागते.

उदाहरणार्थ, मासिक भाडे 20,000 रुपये, अनामत 60,000 रुपये आणि लॉक-इन सहा महिन्यांचा आहे. भाडेकरूने दोन महिन्यांनंतर घर सोडले, तर अटीप्रमाणे 80,000 रुपयांची मागणी होईल. परंतु महिनाभरात त्याच भाड्याने नवा भाडेकरू मिळाला, तर घरमालकाचे नुकसान 20,000 रुपये आणि फार तर दलालीचा खर्च, एवढेच उरते.

व्यवहारात अनामत आधीच घरमालकाच्या हाती असते, आणि उरलेले 40,000 रुपये मिळविण्यासाठी न्यायालयात जाणे उत्पन्न गमावलेल्या माणसाला परवडत नाही. म्हणूनच किल्ल्या देऊन निघून जाण्यापूर्वी लेखी सूचना द्यावी, ताबा परत केल्याची तारीख लिहून घ्यावी आणि शक्य असल्यास पर्यायी भाडेकरू सुचवावा. ताबा कधी परत दिला, याचा पुरावा नसल्यास पुढील महिन्यांचे भाडेही मागितले जाऊ शकते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवण्याची तरतूद आहे. बंगळुरूसारख्या शहरात दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेण्याचा प्रघात पाहता ही मर्यादा लक्षणीय आहे. मात्र राज्यांनी तसा कायदा केल्याशिवाय ही तरतूद लागू होत नाही.