डोंगल ‘सीडी’ होऊन बसले तर?

भेडाघाटला धुआंधारच्या वाटेवर संगमरवरी मूर्तींची दुकाने आहेत. समजा, तिथल्या एका दुकानदाराच्या मुलीला कॉलेजचा फॉर्म भरायचा आहे. घरात जुना लॅपटॉप आहे, त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली. घरातला एकुलता एक मोबाइल मात्र दिवसभर वडिलांबरोबर दुकानात असतो. म्हणून कोणाचे तरी सिमकार्डवर चालणारे यूएसबी डोंगल आणले, तर खोक्यावर फक्त विंडोजचे नाव! कंपनीला विचारावे, तर ‘लिनक्सवर चालत नाही.’

एवढ्यावर हार मानू नका. पुष्कळशी डोंगले जोडताच मोडेम म्हणून नव्हे, तर चक्क सीडी म्हणून समोर येतात. त्या ‘सीडी’त विंडोजचा ड्रायव्हर असतो. तो चढला, की तोच डोंगलला रूप बदलायचा इशारा देतो. लिनक्समध्ये असा इशारा देणारे कोणी नसले, की डोंगल बिचारे सीडीच राहते. ही अडचण योझुआ डीत्से या जर्मन गृहस्थांनी ‘यूएसबी मोडस्विच’ हा छोटा प्रोग्रॅम लिहून सोडवली. कोणत्या डोंगलला कोणता इशारा लागतो, ही माहिती ठिकठिकाणच्या वापरणाऱ्यांनीच पुरवली. कंपन्यांनी जे करायला हवे होते, ते या लोकांनी फुकट केले!

उबुंटूसारख्या लिनक्समध्ये हा प्रोग्रॅम सहज मिळतो. पण तो उतरवायलाच इंटरनेट हवे! त्यासाठी रात्री वडिलांचा मोबाइल यूएसबी वायरने जोडा आणि त्यात ‘टेदरिंग’ चालू करा. प्रोग्रॅम बसला, की डोंगल काढून पुन्हा लावा. मग नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘मोबाइल ब्रॉडबँड’ दिसायला हवे. तिथे सिमकार्डच्या कंपनीचा ‘एपीएन’ भरायचा, बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’, जिओसाठी ‘जिओनेट’. काही नवी डोंगले थेट नेटवर्क कार्डासारखी दिसतात, त्यांना ही खटपट लागत नाही.

मात्र जुने डोंगल विकत घेताना सांभाळा. टाटा फोटॉन किंवा रिलायन्स नेटकनेक्टचे सीडीएमए डोंगल स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका; ती सेवाच बंद झाली आहे. थ्रीजी डोंगलमध्ये जिओचे सिम चालणार नाही, त्याला फोरजी लागते. आणि सगळे नीट करूनही रेंज कमीच राहिली, तर यूएसबीची एक लांब वायर आणून डोंगल खिडकीत ठेवून पाहा.