कार्ड आधी, चाचणी नंतर?

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या गोटातून एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. फुकट चाचणी देताना कार्डाचा नंबर किंवा यूपीआय ऑटोपेची परवानगी घेतलीच पाहिजे. नाहीतर लोक नवनवे ईमेल काढून जन्मभर फुकट वापरतील आणि कंपनी बुडेल. या पूर्वपक्षात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. पैशांची हमी घेतल्याशिवाय चाचणीची मुदत राखता येत नाही, ही एक. हमीशिवाय धंदा चालत नाही, ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत.

मुदत राखण्याचं काम प्रोग्रॅम स्वतःच करतो. इन्स्टॉल होताना तो तारीख टिपून ठेवतो, विंडोजमध्ये बहुधा रजिस्ट्रीत किंवा एखाद्या आडबाजूच्या फाइलीत. दर वेळी उघडताना आजची तारीख त्या नोंदीशी ताडून पाहतो. संगणकाचं घड्याळ मागे सरकवणाऱ्यांसाठी शेवटच्या वापराची वेळही लिहिलेली असते. आजची वेळ तिच्याही आधीची निघाली की लबाडी उघड होते. नोंद पुसून पुन्हा इन्स्टॉल करणाऱ्यांसाठी यंत्राच्या हार्डवेअरवरून एक खूण तयार करून ती कंपनीच्या सर्व्हरवर ठेवतात. मुदतच नको असेल तर फाइल सेव्ह करणं बंद ठेवता येतं, पानावर वॉटरमार्क उमटवता येतो. यांतल्या कशालाही गिऱ्हाइकाचं बँक खातं लागत नाही. जाणकार ही कुलुपं फोडतात हे खरं आहे आणि ते गैरच आहे. पण कार्ड मागितलं म्हणून असा माणूस पैसे देणार नाही. तो क्रॅक केलेली प्रत शोधेल. कार्डाच्या अटीत सापडतो तो सरळ वागणारा, आणि तोही तारीख विसरला म्हणून.

आता धंद्याचं पाहू. १९८२ साली अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी पीसी-टॉक आणि जिम नॉफ यांनी पीसी-फाइल लोकांच्या हाती दिलं: वापरा, मित्रांना प्रती द्या, उपयोगी वाटलं तर पैसे पाठवा. पुढच्या वर्षी बॉब वॉलेस यांनी पीसी-राइट हा लेखनाचा प्रोग्रॅम त्याच वाटेने आणला. त्याची नोंदणी ७५ डॉलरची होती, आणि तुमच्या प्रतीवरून दुसऱ्या कुणी नोंदणी केली तर तुम्हाला २५ डॉलर मिळत. म्हणजे ज्याला आज चोरी म्हणतात, ती प्रत काढण्याची सवयच वॉलेस यांनी विक्रीला जुंपली! नॉफ यांनी तर या मिळकतीच्या बळावर आयबीएममधली नोकरी सोडली. १९९३च्या डिसेंबरात इड सॉफ्टवेअरने डूम या खेळाचा नऊ लेव्हलचा पहिला भाग मोकळा सोडला आणि उरलेले दोन विकले. विनरार ४० दिवसांची मुदत उलटल्यावरही चालतं, फक्त परवाना घेण्याची आठवण करून देतं. रीपर हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर ६० दिवस संपूर्ण वापरता येतं. यांतल्या कुणीही चाचणीसाठी कार्ड मागितलं नाही.

चाचणी ही विकणाऱ्याने आपल्या मालाच्या गुणावर लावलेली पैज असते. माल आवडला तर गिऱ्हाईक आपण होऊन पैसे देईल, हा तिचा पाया. मुदतीनंतर आपोआप पैसे कापणारी कंपनी मात्र गिऱ्हाइकाच्या विसरण्यावर पैज लावते. मौन म्हणजे संमती हा न्याय दुसऱ्याच्या खात्याला लावण्याचा अधिकार तिला कुणी दिला?

आपल्या देशात तर हा प्रश्न केवळ सभ्यतेचा राहिलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये डार्क पॅटर्न म्हणजे गिऱ्हाइकाची दिशाभूल करणाऱ्या रचना, यांविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतल्या १३ प्रकारांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ आहे, आणि फुकट सबस्क्रिप्शनसाठी पैशांचा तपशील किंवा ऑटो डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणं त्यात स्पष्ट नोंदवलेलं आहे. तरीही ‘फक्त १ रुपयात चाचणी’ म्हणत ऑटोपे चालू करून घेणारी ॲप सर्रास दिसतात.

यावर उत्तर येतं की पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना जाते, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे, मग तक्रार कसली? सूचना जाते, हे मान्य. पण ती जाहिरातींच्या मेसेजांच्या गर्दीत येते, आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या बहुतेक पुढच्या वजावटींना ओटीपीही लागत नाही. नकार देण्याची मेहनत गिऱ्हाइकावर का टाकायची? मुदत मोजणारा कोड कंपनीकडे आहे. शेवटच्या दिवशी पैसे कापण्याऐवजी प्रोग्रॅम थांबवून ‘पुढे घ्यायचं का?’ असं विचारायला तिला एक ओळही नव्याने शोधून काढावी लागणार नाही.