गडाची पायरी आणि पक्षाचा झेंडा

आज विजयादशमी. शमीचे पूजन, आपट्याच्या पानांची देवाणघेवाण आणि सायंकाळचे सीमोल्लंघन हा आपल्या घराघरांतील या दिवसाचा क्रम. बीड जिल्ह्यात मात्र गेल्या काही दशकांत या क्रमात आणखी एक गोष्ट येऊन बसली आहे, ती म्हणजे दसरा मेळावा. २०२४ च्या दसऱ्याला एकाच जिल्ह्यात दोन प्रचंड मेळावे भरले. पाटोदा तालुक्यातील सावरगाव घाट येथे पंकजा मुंडे यांचा, तर बीड तालुक्यातील नारायणगडावर मनोज जरांगे यांचा. दोन्ही स्थाने संतांच्या नावाने ओळखली जाणारी आणि दोन्हीकडे जाणारी माणसे माळकरी, वारीला जाणारी. एकाच विठ्ठलाची ही लेकरे एकाच दिवशी दोन वाटांनी गेली आणि त्या वाटा जातीच्या होत्या, हे उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्यास नाकारता येणार नाही.

या घटनेकडे केवळ राजकीय बलप्रदर्शन म्हणून पाहणे सोपे आहे. पण तिच्यामागे एक जुना प्रश्न उभा आहे. श्रद्धा आणि राजकीय निष्ठा या दोहोंत संघर्ष आला तर आधी कोण?

भगवानबाबांचा जन्म १८९६ साली सावरगाव घाट येथे, शेतकरी घरात झाला. नारायणगडावर माणिकबाबांच्या सहवासात ते घडले. पुढे तो गड सोडावा लागल्यावर त्यांनी पाथर्डी तालुक्यातील खरवंडीजवळच्या धौम्यगडाचा आश्रय घेतला आणि तोच पुढे भगवानगड म्हणून प्रसिद्धीस आला. देवापुढील पशुहत्या थांबवा, मुलांना शाळेत घाला, माळ घाला, हा त्यांचा उपदेश. नारळी सप्ताहाची प्रथा त्यांनीच रुजविली. १९६५ च्या जानेवारीत ते वैकुंठवासी झाले. आज ज्या दोन गडांच्या नावाने माणसे एकमेकांकडे पाठ फिरवितात, त्यांतील एका गडाचा संस्थापक दुसऱ्या गडाच्या अंगणात वाढला होता, ही गोष्ट मेळाव्याच्या भाषणांतून सहसा कानी पडत नाही.

गडावर राजकारण आले ते काही वाममार्गाने आले नाही. बीड जिल्हा हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे कोयता, भांडीकुंडी आणि लहान मुले बरोबर घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. परततात ती उन्हाळ्यात. म्हणजे सारा समाज घरी असतो तो नेमका दसऱ्याला. या माणसांना एकत्र बोलावून त्यांच्या मजुरीचा, मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न मांडावयाचा तर त्यासाठी दसऱ्यासारखा दिवस नाही आणि गडासारखी जागा नाही. गोपीनाथ मुंडे यांनी हे अचूक ओळखले व भगवानगडावरील मेळाव्यास राज्यव्यापी महत्त्व मिळवून दिले. ज्यांना सत्तेच्या दारात कोणी उभे करीत नव्हते, त्यांना या मेळाव्याने ताठ मान दिली. गडावर राजकारण नको म्हणणाऱ्यांनी हे ऋण आधी मान्य करावयास हवे.

परंतु ज्या व्यासपीठावर दीनांचे गाऱ्हाणे मांडले जाते, त्याच व्यासपीठावर हळूहळू उमेदवारीचे गणित मांडले जाऊ लागते. २०१४ च्या जूनमध्ये मुंडे यांचे अपघाती निधन झाले. त्याच वर्षीचा दसरा विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर, ३ ऑक्टोबरला आला आणि भाजपचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष अमित शहा गडावरील मेळाव्यास उपस्थित राहिले. पुढे २०१५ च्या अखेरीस परळीजवळ गोपीनाथगड उभा राहिला, तेव्हा महंत न्यायाचार्य नामदेव शास्त्री यांनी भूमिका घेतली की, यापुढे भगवानगडावरून राजकीय भाषण होणार नाही. हा निर्णय स्वस्त नव्हता. ज्या घराण्यावर गडाचे भक्त जीव ओवाळीत होते, त्याच घराण्याच्या कन्येला, आणि तीही मंत्रिपदावर असताना, नाही म्हणावयाचे होते. २०१६ चा मेळावा गडाच्या पायथ्याशी झाला. २०१७ पासून तो सावरगावी गेला. निर्णयामागे कोणाचे काय हेतू होते याची चर्चा पुष्कळ झाली. ती बाजूस ठेवली तरी तत्त्व म्हणून तो योग्यच होता, असे आम्हांस वाटते.

येथे एक दूरदेशीचे उदाहरण घेतो. दसऱ्याच्या पानावर परधर्मीयांचा दाखला कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्याचे त्याचे दैवत वेगळे असले तरी दैवतापुढे उभा राहणारा मोह एकच असतो. १९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला तेव्हा तेथील प्रॉटेस्टंट चर्चमध्ये ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाचा एक गट प्रबळ झाला. येशूची भक्ती आणि राष्ट्रनेत्याची भक्ती यांत विरोध नाही, किंबहुना दोन्ही एकच, असे या गटाचे म्हणणे. ज्यूवंशीय धर्मोपदेशकांना काढून टाकावे, ही त्यांची मागणी. या लाटेविरुद्ध १९३४ च्या मे महिन्याच्या अखेरीस बार्मेन या गावी काही धर्मोपदेशक व श्रद्धावंत जमले आणि त्यांनी जाहीरनामा काढला. ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या कोणत्याही सत्तेला चर्चवर स्वामित्व सांगता येणार नाही, हा त्याचा गाभा. तो प्रामुख्याने ज्यांनी लिहिला त्या कार्ल बार्थ यांनी हिटलरप्रति बिनशर्त शपथ घेण्याचे नाकारले आणि १९३५ साली बॉन विद्यापीठातील अध्यापकपद गमावले. डिट्रिच बोनहॉफर या तरुण धर्मोपदेशकाला १९४५ च्या एप्रिलमध्ये, युद्ध संपण्यास महिनाही उरला नसताना फाशी देण्यात आले. त्या राजवटीशी आपल्या लोकशाहीतील कोणत्याही पक्षाची तुलना येथे अभिप्रेत नाही, हे स्पष्ट केलेले बरे.

ही कथा आम्ही सांगितली ती तिच्यातील उणिवेसाठी. बार्मेनच्या जाहीरनाम्यात चर्चच्या स्वातंत्र्याविषयी सारे काही होते. शेजारच्या ज्यू कुटुंबाविषयी एक अक्षर नव्हते. पुढे स्वतः बार्थ यांनाही ही उणीव सलत राहिली. आपले देऊळ सत्तेपासून वेगळे राखणे ही एक गोष्ट झाली. सत्तेच्या सावलीत ज्याचा बळी जातो त्याच्या बाजूला जाऊन उभे राहणे ही दुसरी, आणि ती अधिक कठीण.

बीडमध्ये ही दुसरी कसोटी २०२४ च्या डिसेंबरमध्ये आली. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबरला अपहरण होऊन अत्यंत निर्घृण हत्या झाली. संशयाची छाया तत्कालीन मंत्री धनंजय मुंडे यांच्या निकटवर्तीयापर्यंत गेली आणि त्यांच्या राजीनाम्याची मागणी राज्यभर होऊ लागली. अशा वेळी, २०२५ च्या जानेवारीअखेर, मुंडे भगवानगडावर मुक्कामास आले आणि गड त्यांच्या पाठीशी भक्कमपणे उभा आहे, असे महंतांनी जाहीर केले. मारेकऱ्यांची मानसिकता कशामुळे बनली, याचाही विचार व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या गादीने दहा वर्षांपूर्वी राजकीय भाषणास मज्जाव केला होता, तिच्या तोंडून हे शब्द ऐकताना अनेक भाविकांना विषाद वाटला. राजकीय सभेसाठी गडाचा माईक नाकारणे आणि पेचात सापडलेल्या राजकीय पुरुषासाठी गडाचे नाव देणे, यांतील दुसरी गोष्ट आम्हांस पहिलीपेक्षा अधिक गंभीर वाटते. सभा सायंकाळी संपते. गादीचा शब्द मात्र गावोगावच्या पारावर राहतो.

लगेच दोन-तीन दिवसांत देशमुख कुटुंबीय स्वतः गडावर गेले. त्यांनी निषेध केला नाही, घोषणा दिल्या नाहीत. आपली बाजू मांडली. ती ऐकून गड देशमुख कुटुंबाच्याही पाठीशी आहे, असे महंतांनी सांगितले. या प्रसंगातील खरी श्रद्धा आम्हांस त्या शोकग्रस्त कुटुंबाच्या पायी दिसते. जात, पक्ष, राग हे सारे पायथ्याशी ठेवून, जेथून आपल्याला दुखावणारे शब्द आले तेथेच न्यायासाठी जाणे ही लहान गोष्ट नव्हे. मुंडे यांनी ४ मार्च २०२५ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. दोष कोणाचा हे ठरविणे न्यायालयाचे काम. आमचे नव्हे आणि गडाचेही नव्हे.

आपल्याच मातीतील ख्रिस्ती परंपरेतही या प्रश्नाला उत्तरे मिळाली आहेत. ज्या नगर जिल्ह्याच्या हद्दीत भगवानगड येतो, तेथेच रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. परकीय मिशनचा पगार आणि परकीयांचा पोशाख यांखेरीज ख्रिस्तभक्ती करता येते, हे त्यांना दाखवावयाचे होते. अलीकडचे नाव फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. वसईचा हिरवा पट्टा वाचविण्यासाठी आणि राजकारणात शिरलेल्या दहशतीविरुद्ध हा धर्मगुरू रस्त्यावर उतरला. कोणा पक्षाचा झेंडा मात्र त्यांनी खांद्यावर घेतला नाही. २०२० च्या जानेवारीत बीडला लागूनच असलेल्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या धर्मावरून काहींनी आक्षेप घेतला, तरी मराठवाड्याने त्यांचे मनापासून ऐकले. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. धर्मगुरूने राजकारणावर बोलू नये, असे यातून निघत नाही. बोलावे, परंतु बोलताना त्याची जीभ कोणाकडे गहाण नसावी.

वारकऱ्यांना हे नवीन नाही. छत्रपतींनी पाठविलेला नजराणा तुकोबांनी परत केला, अशी कथा परंपरेने जपली आहे. राजा वाईट होता म्हणून नव्हे. राजा तर आदर्शच होता. चांगल्या राजाचेही मिंधे व्हावयाचे नाही, हा त्यातला भाग आपण कीर्तनात ऐकतो आणि मतदानाच्या महिन्यात विसरतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बीडचा निकाल साडेसहा हजारांच्या आसपासच्या मताधिक्याने लागला आणि त्यानंतर एकमेकांच्या दुकानात जावयाचे नाही, अशी भाषा काही गावांत झाली. असल्या भाषेचा घाव बाजारपेठेपेक्षाही सप्ताहाच्या पंगतीवर बसतो.

नारळी सप्ताह एका गावात संपताना काल्याच्या दिवशी पुढच्या गावाला नारळ दिला जातो. तो नारळ पक्षाला मिळत नाही, आडनावाला मिळत नाही, गावाला मिळतो. मंडप, पाणी, भाकरी, आमटी हे सारे मग वेशीच्या आतील प्रत्येक घराने उचलावयाचे असते. भगवानबाबांनी घालून दिलेली ही रीत अजून चालू आहे. त्या वेशीत मस्साजोगच्या बाजूने बोलणारे घर असते आणि मुंडे यांच्या बाजूने बोलणारेही. वाढपी कोण आणि पंगतीला कोणाशेजारी कोण बसते, ते येत्या चैत्रात पाहता येईल.